खिडकीच्या पलीकडे: रुग्णालयातली नोकरी सांभाळून लॅब टेक्निशियन होताना

पहाटपाळी:
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं रुग्णालयात वॉर्ड सहाय्यक आहे. रक्त काढायचं रीतसर प्रशिक्षण घेतल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, पहाटेची सॅम्पलं माझ्याकडे असतात. साडेचारला ट्रे भरायचा, यादी घ्यायची, एकेका खाटेशी जायचं आणि सहाच्या आत सगळ्या ट्यूब लॅबच्या खिडकीत ठेवायच्या. माझं काम त्या खिडकीशी संपतं. पलीकडे काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी एका आजोबांची शीर मिळेना. शेवटी सिरिंजने जोरात ओढलं आणि ट्यूबमध्ये दाबून भरलं. तासाभरात फोन आला, "सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत पाठवा." आजोबांना पुन्हा टोचायचं या विचाराने मला राग आला आणि मी भांडायलाच खाली गेले. तिथल्या टेक्निशियन ताईंनी वाद घातला नाही. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, दोन ट्यूब काढल्या आणि उजेडासमोर धरल्या. एकीचा वरचा थर गवतासारखा फिकट पिवळा. माझ्या ट्यूबचा लालभडक. त्या म्हणाल्या, "ओढताना पेशी फुटल्या, आतलं पोटॅशियम बाहेर आलं. मी हे तसंच लावलं असतं तर आजोबांना नसलेल्या आजाराचं औषध सुरू झालं असतं."

मी वर आले, गरम कापडाने हात शेकून पुन्हा रक्त काढलं, या वेळी हळू. पण त्या दोन ट्यूब डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला हे काम शिकायचंय.

नोकरी सोडणं शक्य नाही. विज्ञान सुटून बारा वर्षं झाली. गणिताची भीती वाटते. वॉर्डातल्या अनुभवाचा तिथे काही उपयोग होतो, की शून्यापासून सुरुवात करावी लागते? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

सूक्ष्मदर्शी:
ताई, लॅबमध्ये बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी शिकाऊ मुलांना तयार करण्यात गेली. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

लॅबच्या नावावर जाणाऱ्या बऱ्याच चुका ट्यूब यंत्रात जायच्या आधीच झालेल्या असतात. चुकीच्या माणसाचं रक्त, चुकीची ट्यूब, अर्धवट भरलेली ट्यूब, सलाईन चालू असलेल्या हातातून काढलेलं रक्त, दोन तास खिडकीत पडून राहिलेलं सॅम्पल. कॉलेजातून थेट आलेला मुलगा हे पुस्तकात वाचतो. तुम्ही ते रोज हाताने करता. फक्त 'का' माहीत नाही, आणि 'का' शिकवता येतो.

एक उदाहरण. रक्त काढताना ट्यूबचा क्रम तुम्हाला पाठ असेल: आधी कल्चरच्या (रक्तात जिवाणू वाढतात का ते बघायच्या) बाटल्या, मग निळी टोपी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळीत ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचा क्षार म्हणून. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. जांभळीनंतर लाल भरली आणि सुईवाटे त्यातला अंश पुढे गेला, तर लाल ट्यूबमध्ये पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. निळीत सायट्रेट असतं, तेही रक्त गोठू न देणारं, नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला प्रत्यक्षाहून जास्त वेळ लागतोय असं दिसतं. राखाडीतलं फ्लोराइड पेशींना साखर खाण्यापासून रोखतं. साध्या ट्यूबमध्ये पेशी वेगळ्या न करता रक्त तसंच ठेवलं तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून खिडकीतले दोन तास म्हणजे रिपोर्टमधली चूक.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर तुमचाच ट्रे आला असेल. हाच वॉर्डातल्या अनुभवाचा उपयोग.

आता प्रवेशाबद्दल. नावं आणि पायऱ्या ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण ढोबळमानाने सॅम्पल काढणारा, टेक्निशियन (प्रमाणपत्र किंवा पदविका) आणि टेक्नॉलॉजिस्ट (पदवी) अशा पायऱ्या असतात. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा. एक, ज्या संस्थेकडे तुम्हाला पुढे नोंदणी करायची आहे, तिला हा कोर्स मान्य आहे का. दुसरी, प्रॅक्टिकल पोस्टिंग कुठे, किती आठवड्यांचं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. वर्ग संध्याकाळी असतात हे सगळे ठळकपणे सांगतात. पोस्टिंग सकाळी आठ ते चार असतं हे शेवटच्या वर्षी कळतं, आणि नोकरी करणारी माणसं तिथेच अडकतात.

रात्रदिवा:
पोस्टिंगबद्दल वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझं तसंच झालं.

मी वॉर्डबॉय होतो. तीन वर्षांत कोर्स पूर्ण केला, आता हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या विभागात आहे. वर्ग संध्याकाळी होते म्हणून कायमची रात्रपाळी मागून घेतली. वाटलं, रात्री काम, सकाळी झोप, दुपारी अभ्यास. पाच महिन्यांत शरीर बोलायला लागलं. एका पहाटे मी लेबलवर शेजारच्या खाटेचं नाव लिहिलं. परिचारिका ताईंनी ट्यूब माझ्या हातात असतानाच ते पकडलं, म्हणून निभावलं. त्याच दिवशी मी कायमची रात्रपाळी सोडली आणि पहिल्या सत्रातला बायोकेमिस्ट्रीचा पेपर पुढे ढकलला. अभ्यास सहा महिने मागे गेला त्याचं वाईट वाटलं, पण ते लेबल आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्यामुळे झोप चोरून शिकू नका, एवढं मनापासून सांगतो.

ज्याने निभावलं ते सांगतो. इन्चार्जना पहिल्याच महिन्यात पूर्ण वेळापत्रक दिलं, परीक्षा आणि पोस्टिंगच्या तारखांसकट, लेखी. त्यांनी सगळं मान्य केलं नाही, पण ऐन वेळी कुणी 'मला माहीतच नव्हतं' म्हणू शकलं नाही. रजा साठवल्या आणि पोस्टिंगला वापरल्या. सहकाऱ्यांच्या सणावारच्या पाळ्या आधी करून दिल्या, मग त्यांनी माझ्या परीक्षेच्या दिवशीच्या घेतल्या.

अभ्यास तासन्‌तास बसून झालाच नाही. लॉकरच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. आठवड्याला एकच विषय. एका आठवड्यात पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार, माझ्या हाताने काढलेले: न्यूट्रोफिलचं खंडाखंडाचं केंद्रक, इओसिनोफिलचे मोठे नारिंगी कण, लिम्फोसाइटचं जवळजवळ सगळी पेशी भरून टाकणारं गोल केंद्रक. कपडे बदलताना रोज दोनदा दिसायचं. ते आजही तसंच्या तसं आठवतं.

पहाटपाळी:
रात्रदिवा दादा, लेबलचं वाचून अंगावर काटा आला. मीही सध्या कायम पहाटेच्या पाळीत आहे. हे मनात ठेवते.

गणिताबद्दल कुणी सांगेल का? दहावीनंतर टक्केवारीपलीकडे काही केलेलं नाही.

दशांश:
हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मी शिकवते. लॅबमधलं रोजचं गणित म्हणजे गुणाकार, भागाकार आणि 'किती भागांत किती' एवढंच आहे. अडतं ते आकडा म्हणजे प्रत्यक्षात काय हे डोळ्यांसमोर न आल्यामुळे.

न्यूबॉअर चेंबर घ्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हाताने मोजायची काच. यंत्रं पेशी मोजतात, तरी हे शिकवलं जातं, आणि शिकवायलाच हवं. काचेवर कोरलेल्या रेघांचा तो एक चौकोन असतो, ३ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटर, त्यात १ चौरस मिलिमीटरचे नऊ मोठी घरं. वर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) बसली की खोली बरोबर ०.१ मिलिमीटर. पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीसपट पातळ करायचं, कोपऱ्यांतली चार घरं मोजायची. समजा मोजल्या १३२ पेशी. चार घरांचं क्षेत्रफळ ४, गुणिले खोली ०.१, म्हणजे आपण ०.४ घन मिलिमीटर जागेतल्या पेशी मोजल्या. मग १ घन मिलिमीटरमध्ये १३२ भागिले ०.४, म्हणजे ३३०. रक्त वीसपट पातळ होतं, म्हणून गुणिले २०. उत्तर ६६००. पुस्तकात एका ओळीत 'गुणिले ५०' लिहिलेलं असतं. मुलं ५० पाठ करतात आणि पातळ करण्याचं प्रमाण बदललं की गडबडतात. तुम्ही पाठ करू नका, जागेचं चित्र डोळ्यांसमोर आणा.

आणि हो, रेघेवर बसलेल्या पेशींचं काय? वरच्या आणि डावीकडच्या रेघेला टेकलेल्या मोजायच्या, खालच्या आणि उजवीकडच्या सोडायच्या. नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते.

दुसरी नेहमीची अडचण, 'एकास दहा' पातळ करणं. एक भाग सॅम्पल आणि नऊ भाग द्रावण, मिळून दहा. नवीन माणूस एकात दहा घालतो, ते अकरा होतात. प्रत्येक वेळी स्वतःला 'एकूण किती' हा प्रश्न विचारायचा.

तिसरी, सेंट्रीफ्यूज. कृतीच्या कागदावर 'जी' मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, बल लिहिलेलं असतं, यंत्रावर मिनिटाचे फेरे. दोन्ही एक नव्हे. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. ३००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात साधारण १००० जी मिळतं, १६ सेंटिमीटरच्या यंत्रात १६०० च्या वर. म्हणून 'तिकडच्या लॅबमध्ये ३००० वर लावायचो' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

रोज एक उदाहरण करा, कागदावर, एकक लिहून. दोन महिन्यांत भीती जाते, हे मी दरवर्षी बघते.

निळीटोपी:
थोडं वेगळं मत मांडते. मी सहाय्यक परिचारिका, हा कोर्स पूर्ण केला, दीड वर्ष लॅबमध्ये काम केलं आणि परत वॉर्डात आले. कोर्स वाईट नव्हता. मला माणसं लागतात. लॅबमध्ये आठ तास ट्यूबा, बारकोड, यंत्राचे आवाज. एखाद्या रुग्णाचं हिमोग्लोबिन चार दिवस उतरताना दिसायचं आणि पाचव्या दिवशी सॅम्पलच यायचं नाही. ती बरी होऊन घरी गेली की काय झालं, कधी कळायचं नाही. ते मला सहन झालं नाही.

पहाटपाळी ताईंना थांबवण्यासाठी हे लिहीत नाहीये. प्रवेशाआधी लॅबमध्ये परवानगी काढून दोन-तीन पूर्ण पाळ्या नुसत्या बसून बघा. एखादा तास बघून अंदाज येत नाही.

सूक्ष्मदर्शी:
निळीटोपी ताईंचा सल्ला मोलाचा आहे. बसून बघाच. फक्त एक काळजी घ्या: बघणं म्हणजे बघणंच. 'जरा एवढी ट्यूब लावून दे' असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी प्रशिक्षण आणि अधिकार मिळेपर्यंत रुग्णाच्या सॅम्पलला हात लावायचा नाही, आणि स्क्रीनवर दिसलेलं ओळखीच्या माणसाचं नाव बाहेर बोलायचं नाही. वॉर्डात काम करताय म्हणजे हिपॅटायटिस बीची लस झाली असेलच. तीन डोस असतात, नेहमीचा क्रम शून्य, एक आणि सहा महिने. पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासून घ्या. १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आली म्हणजे संरक्षण आहे. बऱ्याच जणांचा तिसरा डोस राहून जातो.

पण 'लॅबमध्ये माणसं नाहीत' याला माझ्या बाकावरचा एक प्रसंग जोडतो. एका रुग्णाचं पोटॅशियम आदल्या दिवशी ३.९ होतं, त्या सकाळी ८.२ आलं. संगणकाने फरक दाखवून रिपोर्ट अडवला. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा द्रव, स्वच्छ पिवळं होतं, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. माझ्या शेजारची मुलगी नुकतीच पास झालेली, आधी तीन वर्षं वॉर्डात होती. ती म्हणाली, "सर, कॅल्शियम बघा." ते इतकं खाली होतं की माणूस आकडीने तडफडत असायला हवा होता. तिने लगेच वॉर्डात फोन केला, "लाल ट्यूब कमी भरली म्हणून जांभळीतलं ओतलंत का?" पलीकडे क्षणभर शांतता. ओतलं होतं. पहाटे, घाईत, रुग्णाला पुन्हा टोचायला नको म्हणून.

पुस्तकातून मीही तिथे पोचलो असतो, पण वेळ लागला असता. तिला ते लगेच कळलं, कारण तिने तसं ओतताना कुणालातरी पाहिलं होतं. आणि ती फोनवर ओरडली नाही. "मीही तिथे होते, मला माहितीये का होतं, पण असं करू नका, परत पाठवा," एवढंच म्हणाली. त्या वॉर्डातून पुन्हा तसं सॅम्पल आलं नाही. मला लॅबमध्ये अशी माणसं हवी आहेत.

नियंत्रणरेषा:
बराच वेळ वाचतोय, एका गोष्टीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्वालिटी कंट्रोल. शिकताना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि नोकरीत माणसाचा कस तिथेच लागतो.

रोज सकाळी रुग्णांच्या आधी कंट्रोल लावायचा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल. आलेला आकडा आलेखावर टिंब म्हणून मांडायचा. मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे होतात त्या मापाच्या) रेघा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत लॅबमध्ये आणली, आणि वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये नियम बांधून दिले: टिंब दोनच्या बाहेर गेलं तर सावध व्हा, तीनच्या बाहेर गेलं तर थांबा, सलग दोन एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेली तर थांबा, सलग दहा सरासरीच्या एकाच बाजूला पडली तर काहीतरी हळूहळू सरकतंय.

नियम सोपे आहेत. आता सकाळचे सात वाजलेत, कंट्रोल बाहेर गेलाय, साठ सॅम्पलं रांगेत आहेत, दोन वॉर्डांचे फोन वाजतायत. कंट्रोल पुन्हा लावला तर कदाचित आत येईल. पुन्हा, पुन्हा लावत राहिलं तर कधी ना कधी येईलच. माझ्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझा हात धरला होता, "आत येईपर्यंत लावणं म्हणजे तपासणं नव्हे." कारण शोधायचं: रिएजंटची (तपासणीच्या रसायनाची) बाटली नवी आहे का, कॅलिब्रेशन (यंत्राचं माप जुळवणं) कधी झालं, कंट्रोल फ्रिजमधून काढून किती वेळ झाला, नीट ढवळला का. आणि वॉर्डाला खरं सांगायचं की उशीर होणार आहे. हे फोनवर सांगायला धीर लागतो. वॉर्डात काम केलेल्यांना तो धीर जास्त असतो असा माझा अनुभव आहे, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं.

शिकाऊ:
माझा अनुभव थोडक्यात. मी पूर्णपणे ऑनलाइन कोर्स घेतला होता, प्रॅक्टिकल 'व्हिडिओवर'. नोंदणीच्या वेळी तो चालला नाही, वर्ष आणि पैसे दोन्ही गेले. थिअरी घरी बसून जरूर शिका, पण ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून त्यांचा प्रकार ओळखताना) रंग धुणारं अल्कोहोल नेमकं कधी थांबवायचं हे व्हिडिओ बघून येत नाही. दोन-चार सेकंद जास्त झाले की जांभळे जिवाणू गुलाबी दिसतात आणि उत्तर उलटं होतं. आता रीतसर कोर्सला आहे, दुसरं वर्ष.

पहाटपाळी:
चार महिन्यांनी लिहितेय, क्षमस्व.

तीन पाळ्या लॅबमध्ये बसून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्याच वॉर्डाचा ट्रे खिडकीत आला आणि मी पहिल्यांदा तो आतल्या बाजूने पाहिला. दोन ट्यूबांवर लेबल तिरकं होतं, बारकोड वाचला जाईना, हाताने नंबर टाकावे लागले. ते माझ्याच मैत्रिणीने लावलं होतं. मीही वर्षानुवर्षं तसंच लावत आले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना दाखवलं.

प्रवेश घेतला. संध्याकाळचे वर्ग, पोस्टिंगच्या तारखा लेखी घेतल्या, इन्चार्जना दिल्या. आठवड्यात दोनच पहाटपाळ्या ठेवल्यात, पगार थोडा कमी झाला, पण झोप होते. दशांश ताई, न्यूबॉअर चेंबरचं गणित वर्गात फळ्यावर मी सोडवलं, ०.४ लिहून, ५० पाठ न करता. घरी येऊन रडले, आनंदाने.

एक अडचण आहे. रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, जमत नाहीये. वर्गात वीस स्लाइड केल्या, बहुतेक जाड, आणि शेवट जिभेसारखा गोल न येता काचेच्या काठापर्यंत जातो. सरांनी 'हाताला सवय होईल' म्हटलं. अजून काही आहे का?

सूक्ष्मदर्शी:
अभिनंदन ताई, फार बरं वाटलं.

तुमचा थेंब मोठा आहे. काठापर्यंत जाणं म्हणजे रक्त जास्त, हे जवळजवळ ठरलेलं. टाचणीच्या डोक्यापेक्षा किंचित मोठा एवढाच घ्या. पसरवणारी काच थेंबाच्या पुढे ठेवा, मागे ओढून थेंबाला टेकवा, रक्त कडेने दोन्ही बाजूंना पसरेपर्यंत क्षणभर थांबा, आणि मग ३० ते ४५ अंशांच्या कोनात एका दमात पुढे न्या. दाबू नका, काचेचं वजन पुरेसं असतं. मध्ये थांबलात तर पट्टे पडतात. कोन वाढला की स्मिअर जाड आणि आखूड येतो, कमी केला की पातळ आणि लांब. म्हणून रक्त पातळ असलेल्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णासाठी कोन थोडा वाढवायचा, दाट रक्तासाठी कमी करायचा. पसरवणाऱ्या काचेची कड दर वेळी पुसा, तुटकी असेल तर टाकून द्या.

स्लाइड वाळली की रंगवण्याआधी उजेडासमोर धरून बघा. शेवटच्या पातळ भागात इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की ती ठेवायची.